माती खावीशी वाटते? रात्री पाय वळवळतात? एकदा रक्त तपासून घ्या



आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड यांच्या जोडीला आरोग्याचंही एक सूत्र आहे. बैठकीत मात्र ते बहुतेक वेळा शेवटी येतं आणि तोवर निम्म्या जणींचं लक्ष घराकडं लागलेलं असतं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एकच विषय सविस्तर घेतला आहे. गटात कुणीतरी हा पाठ मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत.

विषय आहे अंगातलं लोह. लोह कमी झालं की रक्त कमी होतं, हे आपल्याला माहीत आहे. कसं ओळखायचं, असं विचारलं तर कुणीही सांगेल: थकवा येतो, चक्कर येते, डोळ्यांपुढं अंधारी येते, जिना चढताना दम लागतो, बाई पांढरीफटक दिसते. हे सगळं बरोबर आहे. पण लोह कमी झाल्याच्या आणखीही काही खुणा असतात आणि त्या लोहाच्या आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही. त्यांना आपण वाईट सवय म्हणतो, तापट स्वभाव म्हणतो, वय झालं म्हणतो, नाहीतर कुणाची नजर लागली म्हणतो. त्यामुळे बाई बोलणी खात राहते आणि तपासणी राहून जाते.

हा विषय दोनचार जणींपुरता नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे तो कमी होण्याऐवजी वाढला. आपल्या दहा-बारा जणींच्या गटाला हे प्रमाण लावून बघा. पाच-सहा जणी आपल्याच सतरंजीवर बसलेल्या निघतील.

आधी जमाखर्च समजून घेऊ

गटाचा हिशेब आपल्याला येतो, म्हणून लोहाचाही तसाच मांडू.

शरीरातलं बहुतेक लोह रक्तात, हिमोग्लोबिनमध्ये असतं. ती झाली रोजच्या व्यवहारातली रक्कम. याशिवाय यकृत वगैरे ठिकाणी थोडं लोह शिलकीत ठेवलेलं असतं. चांगल्या तब्येतीच्या बाईकडे अशी शिल्लक साधारण ३०० मिलिग्रॅम असते.

जमा: नीट जेवण असेल तर अन्नातून दिवसाला साधारण दीड मिलिग्रॅम लोह अंगी लागतं. महिन्याचे झाले ४५.

खर्च: कातडी, आतडी यांची झीज रोज चालूच असते. त्यात महिन्याला साधारण २५ मिलिग्रॅम जातं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर २० मिलिग्रॅम लोह गेलं. एकूण खर्च ४५. जमा आणि खर्च कसेबसे बरोबरीला आले.

आता जिची पाळी जास्त जाते तिचं बघा. ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. एकूण खर्च ६५, म्हणजे दर महिन्याला २० ची तूट. या हिशेबानं ३०० ची शिल्लक सव्वा वर्षात संपते. गरोदरपणाची तर गोष्टच वेगळी. एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. दोन बाळंतपणं जवळजवळ झाली तर शिल्लक पुन्हा भरायला वेळच मिळत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तूट पडली तरी व्यवहार लगेच बंद पडत नाही. आधी शिल्लक संपते, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन १२ च्या आसपास असलेल्या बाईचंही लोह संपत आलेलं असू शकतं आणि खाली दिलेल्या काही खुणा तेव्हापासूनच दिसू शकतात.

कुणाच्या लक्षात न येणाऱ्या खुणा

१. माती, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, बर्फ

बाळकृष्णानं माती खाल्ली ती गोष्ट आपण कौतुकानं ऐकतो. सुनेनं खाल्ली की म्हणतो, "भिताडं काय खातीस गं? लाज नाही वाटत?" मग ती लपून खाते. कुणी चुलीची माती खातं, कुणी राख, खापरी, भिंतीचे पोपडे, खडू, कुणी लेकराच्या दप्तरातली पेन्सिल. कुणी तांदूळ निवडता निवडता मूठभर तांदूळ तोंडात टाकतं. आता घरोघरी फ्रीज आलेत, तर कुणी दिवसभर बर्फ चावत बसतं.

लोहाची कमतरता असणाऱ्यांमध्ये अशी ओढ जगभर आढळते. बर्फ चावायची अनावर इच्छा तर लोहाच्या कमतरतेची अगदी ओळखीची खूण मानली जाते. गरोदर बाईला माती खावीशी वाटली तर आपण "डोहाळे" म्हणून सोडून देतो. डोहाळे म्हणा हवं तर, पण रक्त तपासून घ्या.

मातीतून लोह मिळत नाही. उलट काही प्रकारची माती आतड्यात लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. वर जंताची अंडी पोटात जातात, शौचाला खडा होतो. म्हणजे लोह कमी म्हणून माती खावीशी वाटते आणि माती खाल्ल्यानं लोह आणखी कमी होतं. नुसत्या रागावण्यानं ही सवय सुटत नाही. लोह भरून आलं की ती बहुतेकींची आपोआप सुटते.

२. रात्रीचे अस्वस्थ पाय

दिवसभर कापूस वेचला, अंग थकलेलं, पण अंथरुणाला पाठ टेकली की पायांत वळवळ सुरू. आतून किडे चालल्यासारखं वाटतं, पाय ओढतात, हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, पुन्हा पडलं की पुन्हा तेच. हे पायात गोळा येण्यापेक्षा वेगळं आहे. गोळ्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते आणि दुखते. इथं दुखण्यापेक्षा चैन न पडणं जास्त असतं.

मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणारं एक रसायन असतं आणि ते तयार व्हायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हा त्रास होऊ शकतो. गरोदरपणात तो पुष्कळ जणींना होतो. "कामानं पाय दुखतात" म्हणून रोज दुखणं कमी करायची गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरांना नेमकं असं सांगा: "पाय रात्रीच वळवळतात, हलवले की बरं वाटतं."

३. जीभ, ओठांचे कोपरे आणि घास

जीभ लाल, गुळगुळीत होते आणि झोंबते. नेहमीचा ठेचा अचानक सोसत नाही. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडतात, जांभई देताना त्या उलतात. काही जणींना कोरडा घास गळ्यात अडकल्यासारखा वाटतो. जीभ आणि तोंडाची आतली कातडी भराभर नवी होत असते, म्हणून तुटीचा परिणाम तिथं लवकर दिसतो. ब जीवनसत्त्वं कमी पडली तरीही तोंड येतं. नेमकं काय कमी आहे ते डॉक्टर ठरवतील. घास अडकणं वाढत असेल तर ते अजिबात अंगावर काढू नका.

४. नखं आणि केस

नखं पातळ होतात, तुटतात. फार दिवस लोह कमी राहिलं तर नखाचा मधला भाग चमच्यासारखा खोलगट होतो, इतका की त्यावर पाण्याचा थेंब टिकतो. विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो. आपण तेल बदलतो, साबण बदलतो, पण रक्त तपासत नाही. केस थायरॉइडच्या त्रासामुळेही गळतात, म्हणून आपल्या मनानं औषध घेऊ नये.

५. धडधड, कानात आवाज, गार हातपाय, चिडचिड

हंडा उचलला की छातीत धडधडतं. रात्री शांत झालं की कानात ठोक्यांसारखा आवाज येतो. बाकीच्यांना उकडत असताना हिचे हातपाय गार. डोकं दुखतं, आणलेलं सामान विसरतं, हिशेबाच्या वहीत मन लागत नाही, लहानशा गोष्टीवर लेकरांवर ओरडणं होतं. नंतर तिलाच वाईट वाटतं. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच बदलला." स्वभावाला नावं ठेवण्याआधी रक्त तपासा.

६. लेकरांमधल्या खुणा

लेकरू माती खातं, किरकिर करतं, जेवत नाही, शाळेत लक्ष देत नाही. काही लहान लेकरं रडता रडता श्वास धरतात, निळी पडतात आणि क्षणभर अंग टाकतात. घरात घबराट होते, अंगारा लावला जातो. पुष्कळदा अशा लेकरांत लोह कमी सापडतं आणि लोह दिल्यावर हा प्रकार कमी होतो. पण निळं पडण्याची कारणं दुसरीही असतात, म्हणून आधी डॉक्टरांनाच दाखवायचं.

तपासणी कुठं आणि कशी

हिमोग्लोबिनची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावातल्या आरोग्य व पोषण दिवशी होते. तारीख आशाताईंना विचारा. पुढच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालय किंवा जालन्याचं जिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. माहिती हवी असेल तर १०४ क्रमांकावर फोन करता येतो.

आकडा स्वतः विचारा आणि लिहून ठेवा. "थोडं कमी आहे" एवढ्यावर उठून येऊ नका.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा जास्त हवं. गरोदर बाईचं ११ किंवा जास्त हवं. गरोदर नसताना ८ च्या खाली आणि गरोदर असताना ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. तेव्हा घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

हिमोग्लोबिन ठीक आहे, पण वरच्या खुणा आहेत, असं असेल तर डॉक्टरांना विचारा, "फेरिटिन तपासायचं का?" फेरिटिन म्हणजे आपल्या हिशेबातली शिल्लक. ही तपासणी उपकेंद्रात होत नाही. गरज आहे का, ते डॉक्टर सांगतील.

बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा लोहाची गोळी चालू नसताना काळं डांबरासारखं शौचाला होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

गळती कुठं आहे ते शोधा

हौदाला भोक असेल तर नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. लोह भरायचं तसं ते जातं कुठं, हेही बघावं लागतं.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड भिजतं का? रात्री बदलायला उठावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर ती पाळी जास्त जाते, आणि त्यावर औषधं आहेत.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जास्त अंगावरून जातं म्हणून घाईनं पिशवी काढण्याचं काय होतं, ते आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातूनही बायका कोयता घेऊन जातात. म्हणून कुणी "पिशवी काढा" म्हटलं तर आधी सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांचं मत घ्या, औषधानं भागतं का ते विचारा. काही आजारांत शस्त्रक्रिया लागते, नाही असं नाही. पण तो पहिला उपाय नसावा.

दुसरी गळती जंतांची. आकड्यासारखा तोंड असलेला एक जंत अनवाणी पायातून अंगात शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. शेतात आणि परसाकडं जाताना पायात चप्पल हवी. लेकरांना शाळेत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

गोळी घ्यायची ती अशी

रक्तक्षयमुक्त भारत हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस द्यायची असते. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. २० ते ४९ वयाच्या इतर बायकांसाठीही आठवड्याला एक लाल गोळी ठरलेली आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा पातळ औषध असतं. हे झालं कमतरता होऊ नये म्हणून. कमतरता झालेलीच असेल तर गोळ्या किती आणि किती दिवस, ते डॉक्टर किंवा नर्सताई ठरवतील.

गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. मध्ये किमान एक-दोन तास जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. खडा होत असेल तर पाणी आणि भाजी वाढवा. फार त्रास झाला तर गोळी फेकून देण्यापेक्षा ताईंना सांगा, प्रकार बदलून मिळू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गोळ्या लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोड कवच बघून लेकरू गोळी समजून खातं, आणि जास्त लोह लहान लेकराच्या जिवावर बेतू शकतं. डबा उंच जागी ठेवा.

लोह सुरू केलं की पुष्कळदा मातीची किंवा बर्फाची ओढ आधी कमी होते, काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत. हिमोग्लोबिन त्यानंतर हळूहळू चढतं. इथंच बऱ्याच जणी गोळ्या बंद करतात. व्यवहार सुरू झालेला असतो, पण शिल्लक अजून शून्यावरच असते. हिमोग्लोबिन पुरेसं झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. महिनाभर नीट घेऊनही आकडा हलला नाही तर पुन्हा दाखवा. प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असं नाही. ब-१२ कमी असणं, थॅलेसेमिया, सिकलसेल अशीही कारणं असतात.

ताटात काय

गूळ खाल्ला, बीट खाल्लं की रक्त वाढतं, असं आपण ऐकतो. बीटाचा रंग लाल आहे म्हणून त्यात रक्त नाही, आणि गुळाच्या एका खड्यात लोह अगदी थोडं असतं. लोह खूप कमी झालं असेल तर नुसत्या जेवणानं ते भरत नाही, गोळी लागतेच. पण भरलेलं टिकवायचं काम ताट करतं.

आपल्याकडची बाजरी यात भाताच्या कितीतरी पुढं आहे. हरभऱ्याचा पाला, तांदुळजा, चवळी, मटकी, तीळ, कारळाची चटणी, अळिवाचे लाडू हे सगळं आपलंच आहे. खात असाल तर अंडी, मासे, मटण, कलेजी यांतलं लोह लवकर अंगी लागतं. डाळ-भाजीतलं लोह अंगी लागायला आंबट फळाची मदत हवी. लिंबू, आवळा, पेरू आणि आपली मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ती गाड्या भरभरून शहरांत जाते. बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईच्या ताटातही तिच्या चार फोडी आल्या पाहिजेत. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तासभर थांबा. आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिच्यातूनही मिळतं.

आणि ताटाबद्दल शेवटचं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही रीत जोवर घरात आहे तोवर भाजीचा तळ आणि कोरडी भाकरीच वाट्याला येणार. भाजी वाढतानाच आपली वाटी बाजूला काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत हे करा

१. वरच्या सहा खुणा वाचा. कुणाला काय होतंय ते सगळ्यांसमोर विचारू नका. ज्यांना सांगायचंय त्या नंतर सचिवताईंना किंवा आशाताईंना सांगतील. माती खाणाऱ्या बाईला हसायचं नाही, हा नियम आधीच ठरवा.

२. आशाताईंना बैठकीला बोलवा आणि सगळ्या जणींच्या तपासणीचा एकच दिवस ठरवा. चार जणी मिळून गेल्या की मजुरी बुडण्याचं आणि घरी सांगण्याचंही सोपं जातं.

३. प्रत्येकीनं आपल्या बचतीच्या पासबुकात शेवटच्या पानावर तारीख आणि हिमोग्लोबिनचा आकडा लिहावा. गटाच्या वहीत कुणाचा आकडा तिच्या मर्जीशिवाय लिहू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून दुसरा आकडा शेजारी लिहा.

४. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना निघण्याआधी तपासणी करून सोबत गोळ्या मिळतील, हे ग्रामसंघानं बघावं.

चर्चेसाठी प्रश्न: आपल्या घरात जेवायला शेवटी कोण बसतं? आपल्या गावात माती खाणाऱ्या बाईला काय म्हणतात, आणि यापुढे आपण काय म्हणणार?